काट्याच्या पडद्यावर कर्नलचे संदेश येतात: बंद करावेत की दुसरीकडे वळवावेत?

रानवारा | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी एका साखर कारखान्याचा संगणक विभाग सांभाळतो. हंगाम जोरात आहे, वजनकाट्यापुढे रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. काटा केबिनमध्ये डेबियन १२ चं (लिनक्सचं) एक मशीन आहे, त्यावर डेस्कटॉप नाही. वजनाचा प्रोग्रॅम टेक्स्ट मोडमध्ये थेट टीटीवाय१ वर, म्हणजे पहिल्या टेक्स्ट पडद्यावर, चालतो. इंडिकेटरचं वजन यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरमधून येतं, क्लार्क एंटर मारतो, पावती निघते.

गेल्या आठवड्यापासून त्या पडद्यावर मधूनच इंग्रजी ओळी उमटतात आणि अख्खा फॉर्म वर सरकतो. प्रोग्रॅमला याचा पत्ताच नसतो, तो आपल्या जागेवरच पुढचा आकडा छापत राहतो. परवा पहाटे भरती वजनाच्या ओळीत मागच्या गाडीचा आकडा दिसत होता. क्लार्कने पावती फाडण्याआधी इंडिकेटरकडे पाहिलं म्हणून निभावलं. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचं माप त्या एका आकड्यावर असतं. हे मला एक दिवसही असंच चालू द्यायचं नाही.

संदेश कायमचे बंद कसे करायचे? आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे लिहीन, तुम्हीही तशाच लिहिल्यात तरी चालेल.

---

जुनी_पाटी | सोमवार, रात्री ११:५८

रानवारा, आधी तीन गोष्टी इथे टाका:

कॅट /प्रॉक/सिस/कर्नल/प्रिंटके
कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन
कॅट /प्रॉक/कन्सोल्स

आणि त्या इंग्रजी ओळी जशाच्या तशा. पडद्यावरून निघून गेल्या असतील तरी डीमेसेज या आज्ञेत, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, असतील. "डीमेसेज -टी -एक्स" असं चालवा. -टी (कॅपिटल) मुळे घड्याळाची वेळ दिसेल, -एक्स मुळे प्रत्येक ओळीची पातळी.

"बंद कसे करायचे" याच्या आधी "कोण लिहितंय" हे ठरवायला हवं. टीटीवाय१ वर कर्नल (लिनक्सचा गाभा) लिहू शकतं, सिस्टमडी (सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) लिहू शकतं, रुट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालणारी एखादी स्क्रिप्टही लिहू शकते. तिघांचे नळ वेगळे आहेत. एकाचा नळ बंद करून दुसऱ्याचं पाणी थांबत नाही.

---

रानवारा | मंगळवार, मध्यरात्र उलटून १२:२०

धन्यवाद, जुनी_पाटी. केबिनमध्येच बसलोय.

प्रिंटके: ७ ४ १ ७
सीएमडीलाइन: रुट=यूयूआयडी... आरओ. बाकी काही नाही.
कन्सोल्स: एकच ओळ, टीटीवाय०.

ओळी अशा, नेहमी याच क्रमाने:

कर्न :एरर : यूएसबी यूएसबी१-पोर्ट२: डिसेबल्ड बाय हब (ईएमआय?), री-एनेबलिंग...
कर्न :इन्फो : यूएसबी १-२: यूएसबी डिसकनेक्ट, डिव्हाइस नंबर ७
कर्न :इन्फो : सीएच३४१-यूएआरटी कन्व्हर्टर नाऊ डिसकनेक्टेड फ्रॉम टीटीवाययूएसबी०
कर्न :इन्फो : यूएसबी १-२: न्यू फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर ८
कर्न :इन्फो : सीएच३४१-यूएआरटी कन्व्हर्टर नाऊ अटॅच्ड टू टीटीवाययूएसबी०

आज संध्याकाळपासून नऊ वेळा.

---

रात्रपाळी | मंगळवार, मध्यरात्र उलटून १२:२६

सोपं आहे. रुट होऊन "डीमेसेज -एन १" मारा. लगेच शांत. रीबूटनंतरही राहायला हवं असेल तर /इटीसी/सिससीटीएल.डी/ मध्ये एक फाइल करून "कर्नल.प्रिंटके = १ ४ १ ७" लिहा. आमच्याकडे कित्येक मशीनवर हेच आहे. रात्री दोन वाजता माणसाला काम करायचं असतं, कर्नलची रोजनिशी वाचायची नसते.

---

जुनी_पाटी | मंगळवार, मध्यरात्र उलटून १२:५१

रात्रपाळी, आज्ञा बरोबर आहे, पण या मशीनवर ती देऊ नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण नीट सांगतो.

कर्नलच्या प्रत्येक संदेशाला ० ते ७ अशी पातळी असते. ० म्हणजे आणीबाणी, १ अलर्ट, २ क्रिटिकल, ३ एरर, ४ वॉर्निंग, ५ नोटीस, ६ इन्फो, ७ डीबग. आकडा जितका लहान तितकी गोष्ट गंभीर. प्रिंटके फाइलमधला पहिला आकडा ही कन्सोलची, म्हणजे कर्नल जिथे संदेश दाखवतं त्या पडद्याची किंवा पोर्टची पातळी. संदेशाचा आकडा त्याहून लहान असेल तरच तो कन्सोलवर जातो. बरोबरीचा जात नाही, आणि नेमकं इथेच पुष्कळ जण चुकतात. ७ ठेवलं तर ० ते ६ दिसतात. ४ ठेवलं तर ० ते ३. १ ठेवलं तर फक्त ०.

उरलेले तीन आकडे: दुसरा म्हणजे संदेश लिहिणाऱ्याने पातळी सांगितलीच नाही तर धरायची ती. तिसरा म्हणजे कन्सोलची पातळी कमीत कमी कुठवर उतरवता येते ते. चौथा कन्सोलची मूळ पातळी. रोजच्या कामात पहिल्याशीच संबंध येतो.

आता रानवारांच्या ओळी पाहा. चार ओळी इन्फो, म्हणजे ६. त्या निव्वळ बातम्या आहेत, "हे निघालं, हे लागलं". पहिली एरर आहे, म्हणजे ३. डिस्क मरायला लागली की "आय/ओ एरर, डेव्ह एसडीए" अशा ओळी येतात, त्याही ३ च्या आसपासच्या. ईएक्सटी४ फाइलसिस्टिमला आपल्यात बिघाड सापडला तर तो क्रिटिकल, म्हणजे २. १ ठेवलंत तर पडदा स्वच्छ राहील, आणि ज्या रात्री हंगामाच्या पावत्यांची डिस्क जायला लागेल त्या रात्रीही तो तितकाच स्वच्छ राहील.

डेबियन इन्स्टॉल करताना ग्रबमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या बूटलोडरमध्ये) "क्वाएट" असतंच. ते असलं की कन्सोलची पातळी ४ होते. तुमच्या सीएमडीलाइनमध्ये ते नाही, म्हणजे मशीन बसवणाऱ्याने कधीतरी काहीतरी तपासायला काढलं आणि परत घातलं नाही. म्हणून कर्नलची मूळची ७ पातळी तशीच राहिली.

आत्ता फक्त "डीमेसेज -एन ४" द्या. चार ओळी थांबतील. उरलेल्या एरर ओळीचं काय करायचं ते उद्या उजेडात बघू.

---

रानवारा | मंगळवार, मध्यरात्र उलटून १:०५

दिलं. नंतर तपासायला कन्व्हर्टर स्वतः काढून लावला, पडद्यावर काहीही आलं नाही. डीमेसेजमध्ये मात्र सगळं आहे. म्हणजे पडद्यावर न दिसलेले संदेश हरवत नाहीत?

---

जुनी_पाटी | मंगळवार, मध्यरात्र उलटून १:१२

नाही. कर्नल आधी सगळं आपल्या मेमरीतल्या गोल वहीत लिहितं. ती भरली की सगळ्यात जुनं पान पुसून नवं लिहितं. कन्सोलची पातळी ही फक्त "या वहीतलं पडद्यावर काय वाचून दाखवायचं" याची गाळणी आहे. डीमेसेज आणि जर्नल (सिस्टमडीच्या साठवलेल्या नोंदी) वहीतूनच वाचतात, त्यांना ती गाळणी लागू नाही.

एक गोष्ट करून ठेवा: /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी नसेल तर बनवा आणि जर्नलडी रीस्टार्ट करा. मग जर्नल डिस्कवर राहील आणि "जर्नलसीटीएल -के -बी -१" ने मागच्या बूटचे कर्नल संदेशही वाचता येतील. आता झोपा.

---

मांडवीकाठ | मंगळवार, सकाळी ८:१५

सकाळी धागा वाचला. रानवारादादा, त्या एरर ओळीत कंसात "ईएमआय?" लिहिलंय ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ईएमआय म्हणजे विद्युतचुंबकीय व्यत्यय. कर्नल सांगतंय की यूएसबी हबने पोर्ट आपणहून बंद केलं, आणि शेजारी कुठे विजेचा गोंधळ तर नाही ना, अशी त्याला शंका आहे. कर्नलने प्रश्नचिन्ह टाकून विचारावं असे संदेश फार थोडे असतात. त्याला उत्तर द्यायला हवं.

तर आधी सांगा: इंडिकेटर कुठे, कन्व्हर्टर कुठे, मधली केबल किती लांब, आणि तिच्या शेजारून काय जातं? गव्हाणीच्या बाजूची मोटर, स्टार्टर पॅनेल, वेल्डिंग, काहीही.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी सांगते. वजनाच्या प्रोग्रॅमने टीटीवाययूएसबी० धरून ठेवलं असेल आणि त्या क्षणी कन्व्हर्टर गळून परत लागला, तर कर्नल त्याला टीटीवाययूएसबी१ असं नवं नाव देऊ शकतं. मग प्रोग्रॅम मेलेल्या पोर्टवर वाट बघत बसतो आणि पडद्यावर शेवटचं वजन तसंच गोठून राहतं. तुमच्या क्लार्कला मागच्या गाडीचा आकडा दिसला तो फक्त पडदा सरकल्यामुळेच, असं मी धरून चालणार नाही. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये /डेव्ह/सीरियल/बाय-पाथ/ खालचं नाव द्या. कन्व्हर्टरमधल्या सीएच३४० चिपमध्ये सहसा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे एकसारखे दोन कन्व्हर्टर लागले तर बाय-आयडीवर भरवसा नाही. बाय-पाथ हे भौतिक पोर्टवरून ठरतं.

---

रानवारा | मंगळवार, सकाळी ९:४०

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. आत्ताच प्रोग्रॅमचा लॉग पाहिला. परवा पहाटेच्या त्या वेळेला पोर्ट खरंच यूएसबी१ झालं होतं आणि कुणीतरी मशीन रीस्टार्ट केल्यावर सुरळीत झालं. म्हणजे पडदा सरकला हा त्रास होता, पण आकडा जुना राहिला त्याचं कारण वेगळंच. मी संदेश बंद करून टाकले असते तर ते कारण मला कधीच सापडलं नसतं.

केबल: इंडिकेटर केबिनच्या खिडकीपाशी, मशीन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. कन्व्हर्टर इंडिकेटरच्या मागे खोचलेला, तिथून साधारण पाच मीटरचं यूएसबी एक्स्टेन्शन मशीनपर्यंत. वाटेत ते पाण्याच्या पंपाच्या स्टार्टरच्या डब्याला टेकून जातं. पंप गेल्या आठवड्यातच बसवला.

---

मांडवीकाठ | मंगळवार, सकाळी ९:५५

मग उत्तर मिळालं. उलटं करा. कन्व्हर्टर मशीनला थेट लावा, एक्स्टेन्शन पूर्ण काढून टाका. लांबचं अंतर आरएस-२३२ (साध्या सीरियल जोडणी) च्या शील्डेड केबलने पार करा. इंडिकेटरच्या बॉड रेटला (सीरियलच्या वेगाला) पाच-सात मीटर म्हणजे आरएस-२३२ ला काहीच नाही, यूएसबीला मात्र ते जड जातं. केबल स्टार्टरपासून लांब न्या, ओलांडावीच लागली तर काटकोनात. स्टार्टरच्या कॉइलवर सप्रेसर आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारा.

---

खटपट्या | मंगळवार, दुपारी १:३०

विषय निघालाच आहे तर माझा अनुभव. आमच्या वाचनालयात रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर नव्या पुस्तकांची यादी दाखवणारा पडदा आहे. सुरू होताना दोन मिनिटं अक्षरांचा पाऊस पडायचा आणि ज्येष्ठ सभासद "बिघडलं वाटतं" म्हणून बंद करायचे. सीएमडीलाइन.टीएक्सटी मध्ये "कन्सोल=टीटीवाय१" होतं, ते मी "कन्सोल=टीटीवाय३" केलं. ओळी थोड्या कमी झाल्या, सगळ्या गेल्या नाहीत. "क्वाएट" घातल्यावरच पूर्ण शांत झालं. दोन्ही का लागले ते मला आजवर नीट कळलेलं नाही.

नव्यांसाठी सूचना: बुकवर्म आवृत्तीपासून ही फाइल /बूट/फर्मवेअर/ खाली आहे, आणि त्यातलं सगळं एकाच ओळीत हवं. मध्ये एंटर मारलात तर रास्पबेरी पाय सुरूच होत नाही. मी दोनदा कार्ड काढून दुरुस्त केलंय.

---

जुनी_पाटी | मंगळवार, दुपारी ३:१०

खटपट्या, चांगला प्रश्न. सुरुवातीच्या त्या पावसात दोघांच्या ओळी असतात. हिरव्या "ओके" वाल्या ओळी सिस्टमडीच्या. त्या /डेव्ह/कन्सोल या दारातून बाहेर पडतात, आणि ते दार कुठे उघडतं हे "कन्सोल=" मधल्या शेवटच्या नावावरून ठरतं. तुम्ही ते टीटीवाय३ कडे उघडलंत, त्या तिकडे गेल्या. बाकीच्या ओळी कर्नलच्या स्वतःच्या, त्यांना पातळीची गाळणी लागते, म्हणून "क्वाएट". सिस्टमडीच्या ओळी अजिबात नकोत तर "सिस्टमडी.शो_स्टेटस=फॉल्स".

"कन्सोल=" विषयी आणखी थोडं, कारण यावर फार वेळ वाया गेलेला पाहिलाय. "कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८ कन्सोल=टीटीवाय०" असं दिलं तर कर्नलचे संदेश दोन्हीकडे जातात, सीरियल पोर्टवरही आणि पडद्यावरही. पण /डेव्ह/कन्सोल एकच, आणि शेवटी लिहिलेलं नाव त्याला मिळतं. बूटच्या वेळी काही अडलं आणि मशीनने रुटचा पासवर्ड मागितला तर तो त्या शेवटच्या कन्सोलवर मागते. सर्व्हर कुलूपबंद खोलीत, तुम्ही सीरियलवरून बघताय, आणि शेवटी टीटीवाय० लिहिलंय. मग तुमच्यापुढे शेवटची ओळ थिजलेली आणि मशीन तिकडे कुणीच बघत नसलेल्या पडद्यावर पासवर्डची वाट बघतंय. ज्या कन्सोलसमोर माणूस बसणार, ते नाव शेवटी लिहायचं. एकाच जातीची दोन यंत्रं देऊन मात्र उपयोग नाही, दर जातीचं एकच चालतं.

कोणतं नाव जिंकलं ते /प्रॉक/कन्सोल्स मध्ये दिसतं, त्या ओळीच्या कंसात सी अक्षर असतं.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १०:०५

काल मी घाईने -एन १ सुचवलं. रानवारांचं आजचं उत्तर वाचल्यावर आमच्या मशीन पुन्हा तपासल्या. एकीवर खरंच डिस्कच्या एरर ओळी डीमेसेजमध्ये साचलेल्या होत्या आणि कुणीच पाहिल्या नव्हत्या. सगळीकडे ४ केलं. जुनी_पाटी, आभार.

पण शांतता हवी असण्याचं दुसरंही कारण असतं आणि ते फक्त डोळ्यांच्या त्रासाचं नसतं. पूर्वी आमच्या एका फायरवॉलला सीरियल कन्सोल ९६०० बॉडवर होता. आयपीटेबल्समध्ये (फायरवॉलच्या नियमांत) कुणीतरी प्रत्येक नाकारलेल्या पॅकेटसाठी लॉग नियम टाकला. त्या लॉगची मूळ पातळी वॉर्निंग, म्हणजे ४, आणि कन्सोल होता ७ वर. बाहेरून स्कॅन सुरू झाला की फायरवॉल अक्षरशः रांगायचा.

हिशोब असा. सीरियलवर एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून १० बिट लागतात. ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. ८० अक्षरांच्या एका ओळीला साधारण ८३ मिलिसेकंद. आणि आयपीटेबल्सची एक ओळ ८० अक्षरांत मावत नाही, दुप्पट तरी होते. म्हणजे सेकंदाला सहा-सात ओळी झाल्या की तार भरली. आणि कर्नल ओळ पूर्ण बाहेर जाईपर्यंत थांबतं. ११५२०० बॉडवर तीच ८० अक्षरं ७ मिलिसेकंदांत जातात, पण स्कॅनपुढे तेही पुरत नाही.

उपाय: लॉग नियमाला "--लॉग-लेव्हल ७" आणि सोबत "लिमिट" मॉड्यूल. पातळी ७ आणि कन्सोलही ७, त्यामुळे कन्सोलवर एकही ओळ जात नाही. जर्नलमध्ये पोहोचते.

---

नेकरकाठ | मंगळवार, रात्री ११:३०

रात्रपाळींच्या हिशोबाला माझी साक्ष. इकडे जर्मनीत आम्ही यंत्रांच्या नियंत्रकांसाठी रिअल-टाइम, म्हणजे वेळेची हमी देणारं लिनक्स वापरतो. तिथे ७ मिलिसेकंदसुद्धा फार. रिअल-टाइमचं काम मुख्य कर्नलमध्ये यायला कित्येक वर्षं लागली, पूर्ण पाठिंबा ६.१२ मध्ये, २०२४ साली आला. त्या वाटेवरचा शेवटचा मोठा धोंडा हाच होता: प्रिंटके (कर्नलची संदेश लिहिण्याची सोय) आणि कन्सोल. संदेश छापायला थांबायचं तर वेळेची हमी राहत नाही, न थांबता मागे ठेवायचा तर कर्नल कोसळताना शेवटचे शब्द आतच राहून जातात. आता नव्या पद्धतीच्या कन्सोलसाठी छपाई वेगळा थ्रेड करतो आणि कोसळण्याच्या क्षणी मात्र संदेश थेट छापला जातो. बाहेरच्यांना "एक ओळ छापायची तर होती" असं वाटतं. आमच्यासाठी ते मोठं काम होतं आणि ज्यांनी ते केलं त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

कोसळण्यावरून आठवलं. पॅनिक झालं की कर्नल कन्सोलची पातळी स्वतःच वर नेतं, त्यामुळे ४ ठेवलं तरी शेवटचे शब्द पडद्यावर येतात. डेस्कटॉप चालू असेल तर पूर्वी तेही दिसायचे नाहीत, पडदा नुसता गोठायचा. ६.१० पासून ग्राफिक ड्रायव्हर पॅनिकचा मजकूर दाखवू शकतात. काट्याच्या मशीनवर टेक्स्ट मोड असल्याने ती अडचण नाही.

---

रानवारा | बुधवार, दुपारी ४:२०

आज सकाळी इलेक्ट्रिशियनला घेऊन केबल बदलली. कन्व्हर्टर थेट मशीनला, इंडिकेटरपर्यंत शील्डेड आरएस-२३२, स्टार्टरच्या विरुद्ध भिंतीवरून. प्रोग्रॅममध्ये बाय-पाथचं नाव. ग्रबमध्ये "क्वाएट" परत घातलं, अपडेट-ग्रब केलं. पंप वीस वेळा चालू-बंद करून पाहिला, डीमेसेजमध्ये एकही ओळ नाही.

एक राहिलं. पातळी ४ आहे, म्हणजे उद्या खरंच काही एरर आली तर ती पुन्हा वजनाच्या फॉर्मवरच येऊन आदळणार. क्लार्कला ती कळणार नाही, फॉर्म मात्र बिघडेल. ती ओळ मला हवी आहे, पण त्याच्या पडद्यावर नको.

---

मांडवीकाठ | बुधवार, दुपारी ४:५०

यासाठीच "सेटलॉगकॉन्स" आहे. केबीडी पॅकेजमध्ये येतं, तुमच्याकडे बहुतेक आहेच. रुट होऊन "सेटलॉगकॉन्स ८" दिलं की कर्नलचे पडद्यावरचे संदेश टीटीवाय८ वर जातात. ऑल्ट आणि एफ८ दाबून बघायचं, ऑल्ट आणि एफ१ ने परत काट्यावर. "सेटलॉगकॉन्स ०" दिलं की पुन्हा पूर्वीसारखं, जो पडदा समोर असेल त्यावर.

यात एक बारीक खाच आहे. टीटीवाय८ आजवर कुणी उघडलेलाच नसेल तर कर्नल तिकडे लिहीत नाही, समोरच्या पडद्यावरच लिहितं. आज्ञा मात्र काहीही तक्रार न करता पूर्ण होते. म्हणून आधी त्यावर काहीतरी लिहून तो जागा करा: "एको कर्नल > /डेव्ह/टीटीवाय८". मग सेटलॉगकॉन्स. आणि हे रीबूटनंतर राहत नाही. दोन्ही आज्ञा एका छोट्या सिस्टमडी सर्व्हिसमध्ये टाका, वजनाच्या प्रोग्रॅमच्या आधी चालेल अशी.

तपासणी अशी: एको "<३>टेस्ट" > /डेव्ह/केमेसेज. अवतरणचिन्हं विसरू नका, नाहीतर शेल त्या कंसाचा वेगळा अर्थ लावेल. ही ओळ ३ पातळीची म्हणून ४ च्या गाळणीतून जाते. टीटीवाय८ वर दिसली आणि टीटीवाय१ वर नाही, म्हणजे झालं. मजकूर रोमनमध्येच ठेवा. टेक्स्ट कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात आणि जोडाक्षरं जुळवण्याची सोय नाही, त्यामुळे मराठी नीट दिसत नाही. आपल्या भाषेसाठी ही जागा अजून रिकामी आहे याचं मला नेहमी वाईट वाटतं.

---

जुनी_पाटी | बुधवार, संध्याकाळी ६:३०

मांडवीकाठ यांनी बरोबर सांगितलं. त्यात एकच भर. टीटीवाय८ केबिनमध्येच आहे आणि रानवारा केबिनमध्ये नसतात. कारखान्याच्या ऑफिसात रात्रंदिवस चालू असलेलं दुसरं मशीन असेल तर "नेटकन्सोल" बघा. कर्नल आपले संदेश यूडीपीने थेट दुसऱ्या मशीनकडे पाठवतं, ठरावीक पोर्ट ६६६६. डिस्क गेली, जर्नल लिहिता येत नाही, तरी संदेश तारेवरून बाहेर पडतो. पलीकडे "एनसी -यू -एल ६६६६" ने ऐकायचं, किंवा आरसिसलॉगने (नोंदी साठवणाऱ्या प्रोग्रॅमने) फाइलमध्ये साठवायचं. वायफायवर याचा भरवसा धरू नका, तारेचंच नेटवर्क हवं. संदेश उघड्या मजकुरात जातात, तेव्हा कारखान्याच्या आतल्या नेटवर्कबाहेर काढू नका. पातळीची गाळणी यालाही लागू आहे.

---

सह्यवारी | बुधवार, रात्री ९:१५

मध्येच विचारते. मी एसएसएचने, म्हणजे दुरून, सर्व्हरवर असते तेव्हाही कधीकधी "मेसेज फ्रॉम सिसलॉगडी" अशी ओळ एडिटरमध्ये घुसते. मीही डीमेसेज -एन दिलं, फरक नाही.

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री ९:२२

ते कर्नल थेट लिहीत नाही. प्रिंटकेचे संदेश कन्सोलवर जातात, एसएसएचच्या सत्रात नाहीत. तुमच्याकडे आरसिसलॉगच्या सेटिंगमध्ये "*.इमर्ज :ओमयूझरमेसेज:*" अशी ओळ असेल, आणीबाणीची बातमी प्रत्येक लॉगइन केलेल्याला पोहोचवणारी. एडिटरमध्ये कंट्रोल-एल दाबलं की पडदा पुन्हा रेखला जातो. ती ओळ काढण्याआधी संदेश काय म्हणतोय ते मात्र वाचा. परवापर्यंत मी हे सांगितलं नसतं.

---

रानवारा | शनिवार, सकाळी ७:१०

तीन रात्री झाल्या. सेटलॉगकॉन्सची सर्व्हिस चालू आहे, टीटीवाय८ ची खाच खरीच निघाली. पहिल्यांदा तो न उघडता दिलं तर चाचणीची ओळ फॉर्मवरच आली. नेटकन्सोल ऑफिसातल्या मशीनवर फाइलमध्ये साठतंय. कन्व्हर्टर एकदाही गळलेला नाही.

काल पहाटे ऑफिसातल्या फाइलमध्ये एक ओळ आली: एसडीए, आय/ओ एरर, एक सेक्टर. काट्यावर क्लार्कला काहीच दिसलं नाही, पावत्या चालू होत्या. मी सकाळी आल्याआल्या स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत सांगणारी आज्ञा) चालवलं, खराब सेक्टर वाढतायत. हंगामाचा सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलाय. नवी डिस्क दुपारी येतेय, गाळप साफसफाईसाठी थांबेल त्या चार तासांत बदलतो.